कोण ओरडतं ते बघायचं

४ फेब्रुवारी

प्रिय,

हा शब्द अजून चालतो. ‘यापुढे वापरू नये’ अशी चिठ्ठी त्याला लागली आहे एवढंच, आणि त्याऐवजी काय वापरायचं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. दुसरा सापडेपर्यंत हाच.

पत्र कशाला, असं म्हणशील. मी फोनवर काही कळवलं की तू अंगठा पाठवतोस. बाबांच्या ऑपरेशनची तारीख ठरली, अंगठा. ऑपरेशन पार पडलं, अंगठा. डोळ्याची पट्टी सुटली, पुन्हा अंगठा. कागदाला अंगठा दाखवायचा तर तुला पाकीट आणावं लागेल, आणि पाकीट आणण्याइतका उत्साह असलाच तर दोन ओळीही लिहिशील.

कामाचं आधी. तुझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्यात, बुबुळावर, आता दुसऱ्या कुणाचा तरी पडदा आहे, नेत्रदानातला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान बसलाय. मात्र वर्षभर तरी दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, म्हणजे शरीर त्या पडद्याला परका म्हणणार नाही. बाबांचा हात थरथरतो, त्यामुळे थेंब मी घालते. माझं काम बहुतेक घरूनच असतं, तेव्हा दुपारचेही जमतात.

ताईंचा फोन आला होता. एप्रिलअखेर त्या गाडी घेऊन येणार आणि बाबांना त्यांच्या गावी कायमचं नेणार, असं तुम्हा दोघा भावंडांचं ठरलंय म्हणे. “अगं, तू आता मोकळी आहेस. आमच्या वडिलांचं करत किती दिवस बसणार?” असं त्या म्हणाल्या. चांगल्या मनानेच म्हणाल्या. मी म्हटलं, बरं. दिवसभर त्या कामावर असतात, दुपारच्या थेंबांचं काय, ते विचारायचं राहिलं. बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, “चालेल.”

बाबांचं ‘चालेल’ तुला माहीत आहे. बूट चावला तर पाय मोठा झाला असेल म्हणणारा माणूस. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण स्वतःच्या दुखण्याचा नकाशा कुणाला काढून दाखवला नाही. गेल्या ऑगस्टात आपल्या घटस्फोटाच्या सह्या झाल्यापासून ते मला ‘सूनबाई’ म्हणत नाहीत. ‘अगं’ म्हणतात, ‘ऐकलंस का’ म्हणतात. कधी नुसतंच खाकरतात.

त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर तू म्हणालास, “बोगद्याच्या कामाला मी सहा महिने गेलो होतो, तुला काहीच फरक पडला नाही. तेव्हाच मला कळलं.” मी तेव्हा काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. तू दर रविवारी फोन करून कसं चाललंय विचारायचास आणि मी ठीक म्हणायचे. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

वॉशिंग मशीनचा पट्टा तुटला होता, तो बदलून घेतला. मेकॅनिक म्हणाला, दोन माणसांच्या घरात मशीन एवढं झिजतं कसं. मी म्हटलं, वापर आहे.

बाकी ठीक.

१९ फेब्रुवारी

प्रिय,

पत्राला उत्तर आलं, तेही फोनवर. ‘ताईकडे जाणंच बरं. त्यांना तसं काही लागत नाही. तुझ्यावर ओझं नको.’ तीन वाक्यं. मी नाही म्हटलं तरी मोजलीच.

तू लोकांना माझी ओळख ‘ही कॉम्प्युटरमधलं काहीतरी करते’ अशी करून द्यायचास. इतकी वर्षं ते काहीतरी म्हणजे काय, तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता सांगते, कारण पुढे लागणार आहे.

एक प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामकडून काम करून घेतो. त्यासाठी ठरलेल्या हाका असतात. अमुक नावाने हाक मारली की आजची तारीख मिळेल, तमुक नावाने मारली की हवामान. वर्षं जातात, एखादी हाक जुनी होते. तिच्यामागचा माणूस कंटाळतो किंवा त्याला अधिक चांगलं काही सुचतं. पण हाक एकदम बंद करता येत नाही, कारण जगात कोण कुठून ती मारत असेल याचा पत्ता नसतो. मग तिला चिठ्ठी लावतात: चालते आहे, पण वापरू नका, पुढेमागे काढून टाकणार आहोत. आमचा अभ्यास याचा आहे. चिठ्ठी कधी लावावी, ती कोण वाचतं, आणि काढून टाकायची वेळ आली हे कसं ओळखावं.

वाचत कुणी नाही, हे पहिल्या वर्षातच कळलं. लोक चिठ्ठी दिसू नये अशी सोय करून घेतात आणि हाक मारत राहतात. निम्म्या चिठ्ठ्यांवर तर त्याऐवजी काय वापरा तेही नसतं. आमच्या बाई, म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी हे काम करते त्या, म्हणतात, “नको म्हणायला एक क्षण पुरतो गं. मग काय, ते सांगायला माणूस बसून विचार करावा लागतो.”

गेल्या आठवड्यात एका गृहस्थांची मुलाखत घेतली. मोठं जुनं प्रस्थ. त्यांच्या हाका हजारो प्रोग्रामांत वापरात आहेत. कुणी तक्रार लिहिली की ‘चर्चा बंद’ म्हणून ते तिला कुलूप लावतात, म्हणून आमच्यात त्यांचं नाव कुलूपकाका. मी विचारलं, एखादी हाक आता कुणालाच लागत नाही, हे तुम्हाला कसं कळतं?

ते म्हणाले, “सोपं आहे. काढून टाकण्याआधी थोडा वेळ मुद्दाम बंद ठेवायची. कुणाला सांगायचं नाही. आणि कोण ओरडतं ते बघायचं.”

“आणि कुणी ओरडलं तर?”

“तर पुन्हा चालू. त्याला वेळ द्यायचा.”

“नाही ओरडलं तर?”

“तर कापायची. इतका का विचार करता तुम्ही लोक? दुखतं तो ओरडतो.”

ही पद्धत त्यांची एकट्याची नाही, बरेच जण वापरतात. आम्ही तिला ओरडचाचणी म्हणतो. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण तिच्यावर आहे, आणि त्यात मी तिची तरफदारी केली आहे. स्वस्त, झटपट आणि प्रामाणिक.

तर आता ऐक. मार्चच्या सुरुवातीला मला परिषदेला जायचं आहे. चार दिवस घरी नसेन. एरवी मी शेजारच्या नर्सबाईंना थेंबांसाठी सांगून गेले असते. या वेळी सांगणार नाही. बाबांना आरशासमोर बसवून दाखवलंय, ते म्हणतात जमेल. ताई सकाळ-संध्याकाळ फोन करतील, मीही करेन. चार दिवसांत कुणी ओरडलं नाही तर तुम्हा भावंडांचं बरोबर, त्यांना तसं काही लागत नाही. एप्रिलची वाटही बघू नका, लगेच न्या.

हे मी रागाने लिहीत नाही. राग यायला हवा असं कधीकधी वाटतं, पण शोधायला गेलं की सापडत नाही, चष्म्यासारखा.

बाकी ठीक.

८ मार्च

प्रिय,

हॉटेलच्या खोलीतून लिहिते आहे. खोलीत एक खुर्ची, एक टेबल आणि बंद न होणारा पंखा आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचं वाहनतळ दिसतं. परवा सकाळी ज्या गाड्या होत्या त्याच आजही आहेत, हलत नाहीत.

माझं भाषण झालं. लोकांनी मान डोलावली. ओरडचाचणीवर बोलले, कुलूपकाकांचं वाक्य सांगितलं, लोक हसले. शेवटी मागच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला. आवाज बारीक होता, तिला दोनदा विचारावं लागलं. ती म्हणाली, “जे ओरडत नाहीत, त्यांचं काय?”

मी म्हटलं, “जे ओरडत नाहीत त्यांना गरज नाही, असं आम्ही धरून चालतो.”

“धरून चालता?”

“कुठेतरी रेघ मारावीच लागते.”

ती बसली. अध्यक्षांनी आभार मानले. चहाच्या वेळी मी तिला शोधत होते, का ते माहीत नाही. सापडली नाही.

बाबांशी रोज बोलते. “जेवलात?” “जेवलो.” “थेंब घातले?” “घातले.” “काही त्रास?” “छे. सगळं उत्तम. तुझं भाषण कसं झालं ते सांग.” ताईंनाही हेच सांगतात, शब्दही तेच. काल ताई म्हणाल्या, “बघ, मी म्हणत नव्हते? मस्त राहताहेत एकटे.”

म्हणजे कुणी ओरडत नाही. उद्या घरी पोचेन.

बाबा जातील तेव्हा त्यांच्या खोलीचं काय करायचं, याचा विचार करून ठेवला. कामाची खोली करता येईल. उजेड चांगला येतो. विचार करताना काही वाटलं नाही, हे तुला मुद्दाम कळवते.

बाकी ठीक.

१४ मार्च

प्रिय,

चाचणीचा निकाल.

दार उघडलं तर बाबा खुर्चीत बसले होते आणि सगळे पडदे ओढलेले होते. “आलीस? प्रवास कसा झाला?”

“अंधारात का बसलात?”

“उजेड जरा बोचतोय. ऊन वाढलंय या वर्षी.”

बाहेर ढग होते. मी दिवा लावला. उजवा डोळा लाल झाला होता. आणि उजव्या गालावरून मानेपर्यंत, शर्टाच्या कॉलरवर, खुर्चीच्या हातावर, सगळीकडे औषध वाळल्याचे पांढरे ओघळ. टेबलावर बाटली होती. मी जाताना नवी फोडून दिलेली, ती पूर्ण रिकामी. म्हणजे त्यांनी एकही वेळ चुकवली नव्हती. नेम चुकत होता. थरथरत्या हाताने एका थेंबामागून दुसरा गालावर घालत बसले असणार, एक तरी आत जाईल म्हणून.

मी म्हटलं, “मला फोनवर का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस, थेंब घातले का. घातले होते.”

“डोळा लाल झालाय हे सांगायचं.”

“ते तू विचारलं नाहीस,” असं म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून लगेच, “अगं, प्रवासातून आली आहेस, आधी चहा घे,” म्हणाले.

चहा घेतला नाही. डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. काउंटरवरच्या मुलीने बाबांचं नाव लिहिलं, वय लिहिलं आणि मला विचारलं, “पेशंटच्या तुम्ही कोण?”

सून म्हणावं तर खोटं, ओळखीची म्हणावं तर त्याहून खोटं. मागे रांग होती. बाबांनी डोळ्यावरचा रुमाल न काढता सांगितलं, “लिही, घरची.”

“म्हणजे मुलगी का?”

“घरची लिही. मावतंय ना तेवढ्यात?”

मुलीने लिहिलं. मी पाकिटातून कार्ड काढायला म्हणून खाली वाकले आणि जरा जास्तच वेळ वाकलेली राहिले.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून बघितलं. शरीराने नव्या पडद्याला परका ठरवायला सुरुवात केली आहे, म्हणाल्या. थेंब न गेल्यामुळेच असं झालं हे छातीठोकपणे सांगता येत नाही, पण ते जायला हवे होते. आता जागेपणी दर तासाला थेंब घालायचे. वाचेल कदाचित. मी विचारलं, कदाचित म्हणजे? त्या म्हणाल्या, म्हणजे कदाचित.

तू मला यावरून काही बोललास तर मी ऐकून घेईन. पण तूही आधी एक ऐक. ‘त्यांना तसं काही लागत नाही’ हे वाक्य तुझं होतं. मी फक्त ते तपासून पाहिलं, आणि तपासायला बाबांचा डोळा वापरला.

या वेळी शेवटचं नेहमीचं वाक्य लिहीत नाही. काय लिहायचं ते कळलं नाही म्हणून, दुसरं काही नाही.

२ एप्रिल

प्रिय,

तुझा फोन बाबांना आला तेव्हा मी शेजारीच होते. ते तुला म्हणाले, “सगळं उत्तम.” मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, काही उत्तम नाही, दुधातून बघितल्यासारखं दिसतंय त्यांना. तू म्हणालास, आता तर ताईकडे नेलंच पाहिजे, तिथे नर्स ठेवू. बाबा म्हणाले, “चालेल.” या घरात ‘चालेल’ हा शब्द आता मला ऐकवत नाही.

दर तासाला थेंब घालते. मधल्या वेळात काम करते. त्या मागच्या रांगेतल्या मुलीचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून बाईंना सांगितलं की ते प्रकरण मी पुन्हा लिहिणार. बाई म्हणाल्या, छापायला जायच्या वेळी? मी म्हटलं, हो. वरातीमागून घोडं तर घोडं.

कुलूपकाकांनी काढून टाकलेल्या हाका कोण मारत होतं, ते मी एकेक करून शोधायला लागले. चाचणीच्या दिवशी गप्प राहिलेले कोण, तेही. त्यात एक छोटं खासगी संग्रहालय सापडलं. जुने कागदी नकाशे आहेत त्यांच्याकडे. बाबांना सांगितलं तर कान टवकारून बसले. खोलीतल्या हवेत दमटपणा किती, हे तिथलं एक यंत्र दर तासाला विचारतं आणि पडद्यावर दाखवतं. ते विचारायची हाक कुलूपकाकांची. चाचणीच्या दिवशी यंत्राने हाक मारली, उत्तर आलं नाही. पण ज्याने ते बसवलं त्याने आत एक सोय करून ठेवली होती: उत्तर आलं नाही तर गडबड करायची नाही, गेल्या वेळचाच आकडा पुन्हा दाखवायचा.

म्हणून ते ओरडलं नाही. म्हणून हाक कापली गेली. आणि त्यानंतर कित्येक महिने यंत्र रोज तोच एक आकडा दाखवत राहिलं. नकाशांच्या कडा वळल्या, शाई फुटली, तेव्हा कुणीतरी हात लावून बघितलं. तिथल्या बाईंनी मला लिहिलं, “आम्हाला वाटत होतं, आमच्याकडे हवा फार स्थिर आहे.”

कुलूपकाकांना हे कळवलं. त्यांचं उत्तर आलं, “तेव्हा ओरडायचं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.” आणि चर्चेला कुलूप.

असे गप्प बसणारे मी मोजायला घेतले. पुष्कळ आहेत. प्रोग्राम लिहिताना लोक ही सोय मुद्दाम करतात, चांगुलपणानेच करतात. उगाच कुणाला त्रास नको, काम थांबायला नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हात आपलाच.

हवा फार स्थिर आहे. हे वाक्य मी बाबांना वाचून दाखवलं, तर ते माझ्याकडे डाव्या डोळ्याने बराच वेळ बघत बसले. दुपारी मशीनमध्ये चादरी टाकल्या, तर ते आतून म्हणाले, “आज कपडे आहेत वाटतं.” मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१६ एप्रिल

प्रिय,

डोळा वाचला. मधलं सगळं स्वच्छ झालंय, कडेला एक ढग राहील, तो कायमचा. डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “चालेल,” आणि माझ्याकडे बघून सुधारून घेतलं, “म्हणजे, आवडला नाही. पण चालवून घेईन.” त्यांच्या आयुष्यातली ही पहिली तक्रार असावी. परत येताना रिक्षात मला हसू आलं, आणि ते थांबवायला गेले तर रडूच यायला लागलं. रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं, “त्या चार दिवसांत तुम्ही ओरडला का नाहीत? एक फोन केला असता तर मी भाषण सोडून आले असते.”

“म्हणूनच नाही केला.”

“हे बरोबर नाही, बाबा.”

“नाहीच,” ते म्हणाले. “पण तू तरी कुठे ओरडलीस?”

मी म्हटलं, कधी?

“तो बोगद्यावर गेला तेव्हा. रोज दुपारी मशीन लावून तू आत बसायचीस, दार लावून. माझी खोली भिंतीला भिंत. कपडे वाळत घातलेले मात्र कधी दिसायचे नाहीत.” मग खाकरले. “रिकामं मशीन फिरताना वेगळं वाजतं गं. भरलेलं असलं की असा खणखणाट येत नाही. मला वाटायचं, दार ठोठावावं. मग वाटायचं, तिने मशीन लावलंय ते रडणं मी ऐकू नये म्हणूनच ना, मग ऐकू कशाला.”

म्हणजे दोन्ही बाजूंनी चांगुलपणा. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ते, आणि मध्ये एक यंत्र रिकामं फिरतंय.

तुझं ते पायऱ्यांवरचं वाक्य मी आजवर खरं धरून चालले होते. सहा महिने तू नव्हतास आणि मला फरक पडला नाही. तू दर रविवारी विचारत होतास, हे कबूल. मी उत्तर देत होते, हेही कबूल. पण ती उत्तरं त्या त्या रविवारची नव्हती. तू गेलास त्याच्या आधीच्या रविवारी मी खरोखर ठीक होते. पुढचे सगळे रविवार मी तुला तोच आकडा पुन्हा पुन्हा सांगत होते. तू पडद्यावर बघितलंस आणि हवा स्थिर आहे म्हणालास. हात लावून बघितलं नाहीस. मी लाव म्हटलं नाही.

फरक पडला होता. मला जेवण जात नव्हतं. तुझी उशी मी कपाटात उभी ठेवली होती आणि कपाट उघडत नव्हते. मी बाबांना भिंतीपलीकडून तुझ्यासारखं शिंकताना ऐकायचे आणि हातातलं काम टाकायचे. मोडलं होतं, सगळं मोडलं होतं. आवाज आला नाही, कारण तो येऊ नये अशी सोय मी केली होती.

तू परत यावंस म्हणून हे लिहीत नाही. आता ते मला नको आहे, आणि ‘नको’ हा शब्द मी या वेळी तपासून लिहिला आहे. तुझ्याकडे माझ्याबद्दल एक चुकीची नोंद आहे, तिच्यावर तू एक मोठा निर्णय घेतलास, एवढं तुला कळावं म्हणून लिहिते. निर्णय कदाचित तोच राहिला असता. कदाचित म्हणजे कदाचित.

काल ताईंना फोन केला. म्हटलं, “ताई, गाडी आणू नका. मला बाबा इथे हवेत.”

त्या म्हणाल्या, “अगं, पण तू तर तेव्हा बरं म्हणालीस.”

“म्हणाले. ते खरं नव्हतं.”

“आणि बाबा?”

“त्यांना विचारलं. ते आधी चालेल म्हणाले, मी ते धरलं नाही. इथे राहणं हवंय की नकोय ते सांगा म्हटलं. अर्धा तास खिडकीबाहेर बघत बसले आणि मग म्हणाले, हवंय.”

ताई म्हणाल्या, “त्यांनी असं आम्हाला कधी सांगितलं नाही गं.” त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यांना वाईट वाटलं असावं, आणि त्यांना उगाच वाटलं असं म्हणवत नाही. सुट्टीत राहायला येते म्हणाल्या. मी म्हटलं, या. तूही वडिलांना भेटायला ये. आधी कळव, आणि अंगठ्याने नको.

प्रकरण पुन्हा लिहून बाईंना दिलं. ओरडचाचणी वापरायचीच तर आधी गप्प बसणाऱ्यांच्या दारी जाऊन बघावं, असं आता त्यात आहे. बाई म्हणाल्या, हे कोण करणार, किती वेळ लागेल. मी म्हटलं, लागेल.

आमच्या घरात मी एक नियम केलाय. थेंबांची वेळ झाली की मी आठवण ठेवायची नाही, बाबांनी हाक मारायची. मोठ्याने. पहिले दोन दिवस ते दारात येऊन “जमलं तर बघ” असं पुटपुटायचे, मी जागची उठायचे नाही. तिसऱ्या दिवशी नुसतं “अगं” म्हणाले. काल जोर लावला तर खालच्या मजल्यावरच्या बाई काय झालं विचारायला वर आल्या. बाबा त्यांना म्हणाले, “काही नाही, सराव चाललाय.”

पुढच्या वेळी वर ‘प्रिय’ऐवजी काय लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही. बहुतेक पुढचं पत्र बाबाच लिहितील, मी फक्त पाकीट आणेन.

ओरडतायत बघ. जाते.